फाटकाबाहेरचा बर्फ

२८ नोव्हेंबर

तळं माणूस पेलायला लागलं! हेल्गेने काल तळ्यावर जाऊन गिरमिटाने भोक पाडून बघितलं. चांगला वीतभर बर्फ आहे म्हणाला. खिडकीखाली उभं राहून ओरडून सांगितलं, कारण मी खिडकीच्या आत. मी म्हटलं, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार?

आज सकाळी तो गेला. मागे प्लॅस्टिकची घसरगाडी, तीवर गिरमिट, बसायला रेनडियरचं कातडं, थर्मास. वळणावर पोचला तसा हात वर केला. मीही केला. तो बर्चच्या झाडांमागे दिसेनासा झाला तरी मी तिथेच उभी. कॉफी उतू गेली. मग शेगडी पुसत बसले.

माझा नवरा स्तूरे होता तेव्हा आम्ही तिघं जायचो. तो गेला, मग मी आणि शेजारचा हेल्गे — सहा हिवाळे. बोलत नाही फारसे. तळ्यावर बोलायला कोण जातं? दोन भोकं, दोन टीचभर गळाच्या काठ्या, मध्ये कॉफी. एवढंच. एवढंच हवंय मला.

३० नोव्हेंबर

स्टॉकहोमहून अनेलीचा फोन. "आई, वचन दिलंयस हं. एप्रिलपर्यंत एकटीने फाटकाबाहेर पाऊल नाही." दिलंय बाई, दिलंय. इस्पितळात, भुलीच्या औषधात असताना घेतलं लेकीने!

३ डिसेंबर

नगरपालिकेकडून व्यायाम शिकवणारी आली. पेगाह. लहान असताना आईबापांबरोबर इराणहून आली, आता बोलते अगदी आमच्या डोंगरातल्यांसारखी. पण मला 'तुम्ही' म्हणते! इथे कोणी कोणाला म्हणत नाही. मी मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून.

"घरी तसंच शिकवलंय," म्हणाली. "सवय होईल तुम्हाला."

मग — "कशा पडलात ते सांगा."

सांगितलं. तीस वर्षं शाळेची बस चालवली याच रस्त्यांवर. पोरांनी भरलेली. एकदाही चाक सरकू दिलं नाही. आणि पडले कुठे? दुकानाच्या दारात. वर पिठासारखा भुरभुरा बर्फ, खाली काच. दोन्ही हात खिशात. खुब्याचं हाड मोडलं. उताणी पडून आभाळ बघत होते. कोणीतरी अंगावर कोट टाकला. त्या कोटाला सिगारेटचा वास होता — तो वास आला की मी अजून भिंत धरते. (हे शेवटचं तिला नाही सांगितलं.)

ती घरभर फिरली. बाथरूमसमोरचा गालिचा गुंडाळून माळ्यावर. जिन्यातला दिवा अंधुक, तो बदलायला नगरपालिकेचा माणूस येईल, मी खुर्चीवर चढायचं नाही. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला थोडं बसायचं, डोकं जागेवर आलं की मगच उभं राहायचं. मी म्हटलं, "लोक बर्फावर पडतात ना?"

"घरातही पडतात. घरात तर जास्तच," म्हणाली. "पण मला हे सांगा, तुम्हाला जायचंय कुठे?"

मी म्हटलं, कुठेच नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत.

खोटं बोलले.

५ डिसेंबर

खुर्चीतून हात न टेकता उठायचं. पुन्हा बसायचं. पुन्हा उठायचं. बसताना धपकन नाही, सावकाश. मांड्या पेटल्यात नुसत्या. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं — बगळा! स्तूरे असता तर हसून हसून पडला असता.

हेल्गे गेला. हात वर. मी एका पायावर होते, म्हणून एकच हात वर करता आला.

१२ डिसेंबर

आज तो जाताना दिसला, येताना दिसला नाही. दुपारी तीनलाच अंधार पडतो. बर्फ पडायला लागला. खिडकी सोडवेना. फोन हातात घेतला, ठेवला — काय म्हणू? मी त्याची कोण लागते की विचारू, कुठे आहेस?

शेवटी त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. जीव भांड्यात पडला. जेवण गेलंच नाही पण.

१३ डिसेंबर

लुसियाचा दिवस. शाळेतल्या मुली डोक्यावर दिवे घेऊन दारोदार गाऊन गेल्या. मी उंबऱ्यातूनच ऐकलं. एकीची आई माझ्या बसमधून जायची!

हेल्गे केशराचे पाव घेऊन आला. टेबलाला धरून बसला, टेबलाला धरून उठला. डाव्या कोपराला काहीतरी झालंय.

"काय रे?"

"काही नाही. लाकडं फोडली जरा जास्त."

"काल मासे लागले?"

"दोन-तीन. बोटाएवढे. सोडून दिले."

ओठाखाली तंबाखूची पुडी सारली आणि गप्प. त्याचं गप्प बसणं मला ओळखू येतं, सगळं. हे वेगळं होतं.

१९ डिसेंबर

पेगाहने बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे आणलेत. नगरपालिका म्हाताऱ्यांना फुकट देते. मी म्हटलं, "हे घालून लोकांनी बघितलं तर?"

"तर लोक म्हणतील, सोलवेग बाहेर दिसली."

पट्टे बसूनच घालायचे, उभ्याने वाकून नाही. आणि दुकानाच्या फरशीवर काढून ठेवायचे — गुळगुळीत फरशीवर खिळे उलट घसरतात. मग अंगणात नेलं. पाय सपाट टाका, पावलं लहान, अंग जरा पुढे, हात मोकळे, खिशात नाहीत! मी तिच्या दंडाला इतकी घट्ट धरून होते की दोघी बदकांसारख्या. तिचं हसू फुटलं. "आम्ही इथे आलो ना, पहिल्या हिवाळ्यात माझी आजी अशीच चालायची. 'देवा, कुठे आणलंस, इथे जमीनसुद्धा माणसाला उभं राहू देत नाही,' म्हणायची."

"मग?"

"मग काय, शिकली. बाजारात माझ्यापुढे चालायची."

फाटकापर्यंत गेलो. फाटकाला हात लावला आणि परत.

२४ डिसेंबर

अनेली आलीय. डुकराची तंगडी, लोणच्यातले मासे, बटाटे — सगळं तिनेच केलं. मला उठूही देत नाही. "आई, बस तू." दिवसभर बस तू, बस तू. अगं, बसूनच तर पाय गेले!

कपाटातले खिळ्यांचे पट्टे दिसले तिला. भांडी जरा जोरात ठेवली.

झोपायच्या आधी म्हणाली, "स्वतःला तिथे बर्फावर पडलेली बघितलं नाहीस तू. मी बघितलं. कोणीतरी फोटो पाठवला होता — ही तुमची आई का म्हणून." आणि रडायला लागली. मला हे माहीतच नव्हतं. केसांवरून हात फिरवत राहिले. इतकी मोठी बाई, केस पिकायला लागलेत तिचे. तरी वचन परत मागितलं नाही मी. धीर झाला नाही.

२ जानेवारी

हेल्गे नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आला आणि जाता जाता, टोपी घालताना, म्हणाला — "मुलगा म्हणतोय, खाली दक्षिणेत माल्मोला ये. त्यांच्या इमारतीत एक घर रिकामं होतंय. लिफ्ट आहे."

मी म्हटलं, "लिफ्ट."

"तिकडे बर्फही पडत नाही फारसा."

"मग करशील काय तिकडे दिवसभर?"

"लिफ्टने वर जाईन. खाली येईन."

हसलो दोघं. दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले.

३ जानेवारी

लिफ्ट!

८ जानेवारी

आज पेगाहने जमिनीवर झोपायला लावलं. मुद्दाम. "पडू नये म्हणून सगळं करायचं," म्हणाली, "पण पडलं तर उठता आलं पाहिजे. अर्धी भीती त्याचीच असते — की आपण तिथेच पडून राहू."

चटई घातली. ओट्याला धरून खाली गेले, आडवी झाले. छत दिसलं. आणि एकदम तो सिगारेटचा वास — घरात कुठेच नसताना! "मला उठव," म्हटलं. ती उठवेना. शेजारी तीही आडवी झाली. म्हणाली, "घाई नाही. आधी बघा, कुठे दुखतंय का. नाही? मग कुशीवर. कोपरावर भार. आता ओणव्या व्हा, हात-गुडघे टेकून. खुर्चीपर्यंत रांगा. दोन्ही हात खुर्चीवर. बळकट पाय पुढे. आणि उठा."

उठले. माझी मी.

खुर्चीत बसून रडले मग. ती चहा करत राहिली, पाठ फिरवून. शहाणी पोर आहे.

तिला सांगून टाकलं — "मला तळ्यावर जायचंय." ती म्हणाली, "माहीत आहे. मी आले की तुम्ही खिडकीवरची नजर काढायला तयार नसता."

१५ जानेवारी

अनेलीला फोन केला. म्हटलं, वचन परत घेतेय. म्हटलं, ऐक — एकटी जाईन पण फोन गळ्यात अडकवून. निघताना तुला कळवेन, पोचल्यावर कळवेन. उजेडातच जाईन. खिळे घालीन. पाऊस पडून गोठला असेल त्या दिवशी नाही जाणार. हे सगळं करीन. पण घरात नाही बसणार.

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"तर उठेन. शिकलेय."

मग बारीक आवाजात — "स्वेटर नीट घालून जा."

१६ जानेवारी

पोस्टाची पेटी. एकटीने. पेटीत नुसती जाहिरात होती, तीही वाचून काढली!

२२ जानेवारी

काल पाऊस, रात्री गोठला. सगळा गाव चकाकतोय. पायरीवर वाळू टाकली, तिथेच उभी राहिले, आत आले. वचन म्हणजे वचन.

हेल्गे मात्र गेला. तसाच! खिळे नाहीत, काठी नाही. जुन्या रबरी बुटांत. खिडकी उघडून ओरडले, "अरे, आज तरी नको!" तो म्हणाला, "खिळे घालायला मी काय म्हातारा आहे?" अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालाय मेला.

वळणावर हात वर केला. मी नाही केला. मग दिवसभर चुटपुट.

३० जानेवारी

घरं विकून देणारी बाई आली होती त्याच्याकडे. फोटो काढत होती. अंगणाचे, लाकडं ठेवायच्या शेडचे. माझं अर्धं घरही आलं असेल फोटोत. मी पडदा ओढला नाही. येऊ दे.

तळ्यावर बसलं की त्याच्या मिशांवर बर्फ धरतो, आणि मासा लागला की आधी माझ्याकडे बघतो, मग काठीकडे. हे माल्मोत कोणाला माहीत असणार?

६ फेब्रुवारी

गेले!!

स्तूरेची ढकलगाडी काढली — लाकडी खुर्ची, खाली लांब पोलादी पट्ट्या, मागे उभं राहून एका पायाने ढकलायची. दमलं की तिच्यावरच बसायचं. खिळे घातले, अनेलीला कळवलं, हेल्गे जाऊन बराच वेळ झाल्यावर निघाले. त्याला चकित करायचं होतं. रस्त्याला उतार लागला तिथे उतरून चालले, पाय सपाट, गाडीला धरून. ऊन होतं. कोरडी थंडी, नाकातले केस कडकडतात तशी. कधीपासून हे नाकात गेलं नव्हतं! मोठ्याने काहीतरी म्हटलंसुद्धा मी, काय ते आठवत नाही.

वळणापुढे त्याच्या घसरगाडीची खूण होती. ती काठावरच्या, नाव ठेवायच्या खोपटापर्यंत गेली आणि संपली. पुढे तळ्यावर काही नाही. पावलं नाहीत, भोक नाही. नुसता कोरा बर्फ, आठवड्यांचा.

खोपटाचं दार ढकललं. आत उलट्या नावेवर कातडं टाकून बसलेला. मांडीवर थर्मास. माझ्याकडे बघून म्हणाला, "दार लाव. थंडी येते."

मी म्हटलं, "इथे मिळतात होय मासे?"

मी नावेवर त्याच्या शेजारी बसले. मग त्याने सांगितलं. लुसियाच्या आदल्या दिवशी तळ्यावर पडला. उठता येईना. हात सरकायचा, पाय सरकायचा. फोन घरी. उजेड गेला तरी तिथेच. शेवटी पोटावर सरकत काठाला आला, झाडाचं मूळ धरून उभा राहिला. तेव्हापासून तळ्यावर पाऊल नाही.

"मग रोज कशाला निघतोस?"

टोपी काढली, घातली. "तू खिडकीत असतेस ना."

"मग?"

"मीही बंद केलं असतं तर तू उठलीच नसतीस खुर्चीतून."

इतके आठवडे! या गारठ्यात, अंधाऱ्या खोपटात, नुसता बसून, मग परत! "गाढवा," म्हटलं मी. त्याने थर्मासचं झाकण भरून दिलं. दोघांनी एकाच झाकणातून कॉफी प्यायली.

९ फेब्रुवारी

हेल्गेला बोलावलं. चटई घातली. "झोप," म्हटलं.

"काय?"

"खाली झोप. उठायला शिकवते."

आधी ऐकेना. मग मी आधी झोपले, तेव्हा तोही — कुरकुरत, पायमोजे काढून. भला लांब माणूस, पाय टेबलाखाली गेले. "कुशीवर हो. अरे, त्या कुशीवर नाही! कोपरावर ये. आता ओणवा." तो हात-गुडघ्यांवर आला आणि तिथेच थांबला. म्हणाला, "पन्नास वर्षांत या उंचीवरून कोणाचं स्वयंपाकघर बघितलं नव्हतं. ओट्याखाली बटाटा पडलाय तुझा." मला जे हसू सुटलं!

नेमका तेव्हाच अनेलीचा फोन, चित्रवाला. मी उचलला पडल्या पडल्याच.

"आई? छत का दिसतंय? आई, पडलीस?!"

"नाही गं, शिकवतेय."

"कोणाला?"

हेल्गे ओणव्यानेच पुढे आला आणि म्हणाला, "नमस्कार, अनेली."

ती काही क्षण बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुमचं चालू द्या." आणि फोन ठेवला.

तो उठला शेवटी. तिसऱ्या खेपेला, खुर्ची धरून, एकटा. बटाटा उचलून ओट्यावर ठेवला.

११ फेब्रुवारी

पेगाहने त्याच्यासाठीही पट्टे आणले. त्याने मुकाट घातले. बसून!

२० फेब्रुवारी

तळ्यावर. आम्ही दोघं.

जुन्या जागी नाही, काठाजवळ, वाळू टाकून वाट केली तिथे. गिरमिट त्याने फिरवलं, दमला तेव्हा मी फिरवलं. पाणी वर आलं काळंशार, बर्फाचा चुरा तरंगत. दोन भोकं. थंडीने डोळ्यांतून पाणी — थंडीनेच.

एक मासा लागला त्याला. आधी माझ्याकडे बघितलं.

मनात म्हटलं, आता विचार. आता विचार, कधी जातोयस. नाही विचारलं. इतकं हवं होतं ते मिळालं आणि मिळत असतानाच संपल्यासारखं वाटत होतं. असं कसं असतं माणसाचं? शेजारी बसलेल्याची आठवण येते!

२७ फेब्रुवारी

रोज जातोय. ढकलगाडीवर पाळीपाळीने. उतारावर उतरून चालतो. दुकानातली मुलगी म्हणाली, "सोलवेग, तू परत आलीस!" फरशीवर पट्टे काढले, बाकावर बसून. तिने बाक मुद्दाम दाराशी आणून ठेवलाय म्हणे, माझ्या त्या पडण्यानंतर.

खुबा दुखतो संध्याकाळी. दुखू दे.

३ मार्च

शनिवारी त्याचा मुलगा येतोय. घर बघायला माणसं येणार आहेत, आणि कुठलं सामान माल्मोला न्यायचं ते ठरवणार. हेल्गेने तळ्याकडे जाताना, चालता चालता सांगितलं. मी म्हटलं, "कपाट मोठं आहे तुझं. लिफ्टमध्ये मावायचं नाही."

तो म्हणाला, "मोडून नेतील."

आज मासे दोघांनाही लागले नाहीत.

७ मार्च

परत येताना, उतारावर. पाय घट्ट होते माझे, खिळे रुतलेले, खाली वाळू. तरी मी त्याचा हात धरला.

"घसरलीस?"

"नाही."

"मग?"

"जाऊ नकोस."

फाटकापर्यंत त्याने हात सोडवला नाही. फाटक उघडलं, मला आधी आत जाऊ दिलं, मागून आला, कडी लावली, आणि म्हणाला, "बरं."